१९९९ ची स्प्लेंडर ऑइल खाते आहे : १०-३०, २०-४० की २०-५०?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बाबांची १९९९ ची हिरो होंडा स्प्लेंडर दिवाळीत गावाहून पुण्याला आणली. पलूस तालुक्यात साखर कारखान्याच्या नोकरीसाठी बाबांनी ती रोज चालवली. मीटर एकदा ९९,९९९ वरून शून्यावर येऊन गेलाय, आता ३१ हजार दाखवतो. २०१२ साली सिलिंडर बोअर करून (आतून घासून मोठा करून) पिस्टन-रिंगा बदलल्या होत्या. रिपासिंग २०२४ ला झालं, म्हणजे कागदपत्रं २०२९ पर्यंत ठीक. गाडी शोभेला ठेवायची नाही, रोज येऊन-जाऊन २६ किमी ऑफिसला न्यायची आहे.

त्रास असा :
सकाळी पहिल्या किकला सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, अर्ध्या मिनिटात साफ होतो. सुरू झाल्यावर पहिली काही सेकंदं हेडमधून टकटक. गाडी तापली की गिअर कडक पडतात, न्यूट्रल सापडत नाही.

जवळच्या गॅरेजवाल्यानं नुसता आवाज ऐकून सांगितलं, "इंजिन लूज झालंय, २०-५० टाका, सगळं बसेल." ऑइलच्या दुकानात म्हणाले फुल सिंथेटिक घ्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला १०-३० चं ९०० मिलीचं पॅक टाकतात. गावाकडं आयुष्यभर २०-४० पडत आलं. चार ठिकाणी चार उत्तरं. कुणी कारणासकट सांगेल का? मला कारण समजून घ्यायचंय.

घाटउतार

ग्रेड नंतर. आधी हे सांगा : डिपस्टिक कधी बघितली होती? मागची बदली होऊन किती किमी झाले? धूर फक्त सकाळीच की चढावर ॲक्सिलेटर पिळल्यावरही?

कृष्णाकाठ

बदली गावातच झाली होती, त्याला साधारण २,२०० किमी झालेत. चढावर धूर दिसत नाही, मित्राला मागून यायला सांगून तपासलं. डिपस्टिक मात्र बघितलेली नाही. उद्या सकाळी बघून सांगतो.

घाटउतार

बघताना गाडी मेन स्टँडवर, सपाट फरशीवर घ्या. दोन-तीन मिनिटं इंजिन चालवून बंद करा, थोडं थांबा. डिपस्टिक पुसून परत भोकात नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. आटे पिळून बघितलं तर पट्टी जास्त बुडते, लेव्हल खोटी दिसते आणि माणूस निर्धास्त राहतो. ही चूक मी कितीतरी लोकांची दुरुस्त केली आहे.

मिस्त्रीकाका

इचलकरंजीत ३५ वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. सीडी १०० (हिरो होंडाचीच जुनी गाडी) आणि स्प्लेंडरची इंजिनं किती उघडली त्याचा हिशोब नाही. माझं सांगणं सरळ आहे.

सकाळी पहिल्या किकला भस्सकन निळा धूर आणि मग साफ, म्हणजे व्हॉल्व्ह सील गेलेत. रात्रभर हेडमधलं ऑइल सीलच्या कडेनं खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. चढाला, ओझ्याला सतत धूर असता तर रिंगा म्हटल्या असत्या. उतारावर ॲक्सिलेटर सोडून परत दिल्यावर धूर आला तरी सील नाहीतर गाइडच (व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो ती). तुमची लक्षणं सीलची दिसतात.

सील रबराचा असतो. २५ वर्षांत रबर वाळून कडक होतंच. तुमचं हेड २०१२ ला उतरलं होतं, तेव्हा सील बदलले का ते वडिलांना विचारा. बरेचदा बोअरच्या खर्चात सील राहून जातात.

ऑइलचं म्हणाल तर बोअर झालेल्या जुन्या स्प्लेंडरला मी २०-४० च टाकतो. २०-५० टाकत नाही. हे इंजिन ९७ सीसीचं, ऑइल पंप लहान, हेडपर्यंत जायची वाट बारीक. घट्ट ऑइल सकाळी वर पोचायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ कॅम आणि रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, कोरडे घासतात. टकटक तीच.

आणि एक. ह्या गाडीला कागदाचा फिल्टर नाही, हे लक्षात ठेवा. उजव्या बाजूचं क्लच कव्हर काढलं की क्रँकच्या टोकाला वाटीसारखा गोल फिल्टर असतो, तो फिरून कचरा कडेला फेकतो. खाली जाळी वेगळी. नुसतं ऑइल बदलून वाटी साफ होत नाही. ती शेवटची कधी उघडली?

कृष्णाकाठ

काका, बाबांना फोन केला. सील बदललेले त्यांना आठवत नाहीत. वाटीचा फिल्टर हा शब्दच त्यांनी पहिल्यांदा ऐकला.

आणि डिपस्टिक बघितली. पट्टीच्या टोकालाही ऑइल लागलं नाही. आजच गरम असताना सगळं काढून मापात ओतलं तर ४३० मिली निघालं. भरलं होतं ९००. म्हणजे मी पुण्यात जवळजवळ अर्ध्या ऑइलवर गाडी चालवत होतो. फार वाईट वाटतंय.

घाटउतार

टकटकीचं आणि कडक गिअरचं मोठं कारण इथंच सापडलं. एवढंसंच ऑइल तेवढीच उष्णता आणि तेवढाच कचरा वाहतंय. ते लवकर तापतं, लवकर पातळ होतं. ह्या गाडीत इंजिन, क्लच आणि गिअर तिघांचं ऑइल एकच आहे, त्यामुळे तिघांनाही फटका बसतो.

थेंबभर

मी वंगणांच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. कारणं हवीत असं तुम्ही म्हणालात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डब्यावरचे दोन आकडे म्हणजे दोन वेगळ्या तापमानांच्या परीक्षा आहेत. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. २०डब्ल्यू ऑइलमध्ये इंजिन फिरतं का हे उणे १५ अंशांना तपासतात, १०डब्ल्यूचं उणे २५ ला. आपल्याकडं तसली थंडी नाही, म्हणून २०डब्ल्यू वापरून गाडी सुरूच होणार नाही असं महाराष्ट्रात कुठंही होत नाही. पण डिसेंबरात पुण्यात पहाटे १० अंश असतात तेव्हाही १०डब्ल्यू जास्त पातळ असतं आणि हेडला आधी पोचतं. मिस्त्रीकाकांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

दुसरा आकडा १०० अंशांवरचा आहे, म्हणजे तापलेल्या इंजिनातला. ३० चं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप), ४० चं १२.५ ते १६.३, ५० चं १६.३ ते २१.९. हे पट्टे आहेत, ठरलेला एकच आकडा नाही. १२.३ चं '३०' आणि १२.७ चं '४०' यांच्यात नावापलीकडे काही फरक नसतो. लोक ग्रेडवरून भांडतात तेव्हा हे विसरतात.

आता मुख्य मुद्दा. जाड ऑइलनं झिजलेला धातू भरून येत नाही. फटीतला पडदा जाड होतो, आवाज दबतो, ऑइल खाणं थोडं कमी दिसतं. पण सील वाळला असेल तर तो वाळलेलाच राहतो. आवाज दबल्यामुळे मालक निश्चिंत होतो, हा त्यातला खरा धोका.

ग्रेडपेक्षा मोठी गोष्ट डब्यावरच्या दुसऱ्या ओळीत असते : जासो एमए किंवा एमए२. जपानच्या वाहन मानक संघटनेनं १९९८ साली हे मोटरसायकलसाठी आणलं, कारण आपल्या गाड्यांचा क्लच ऑइलमध्ये भिजलेला असतो. कारच्या नव्या पातळ ऑइलमध्ये पेट्रोल वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. क्लचला मात्र घर्षणच हवं असतं. एमएमध्ये घर्षणाची किमान मर्यादा असते. एमबी ही त्याउलट कमी घर्षणाची, ती गिअर नसलेल्या, कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी. घरात स्कूटर आणि मोटरसायकल दोन्ही असेल तर उरलेलं स्कूटरचं ऑइल गाडीत ओतू नका.

एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) अक्षरंही बघा. एसजी, एसजे, एसएल, एसएन अशी ती पुढं सरकत जातात, एसएल २००१ चं, एसएन २०१० चं. पुढचं अक्षर म्हणजे कचरा धरून ठेवणं आणि उष्णतेला टिकणं सुधारलेलं. जुन्या इंजिनाला नवं अक्षर वाईट, असं एक मत ऐकू येतं, कारण कारच्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरस कमी केलाय आणि झीज रोखणारं द्रव्य फॉस्फरसचंच असतं. पण जासोनं मोटरसायकलच्या ऑइलमध्ये फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असलाच पाहिजे असं घातलंय. म्हणून एसएन आणि सोबत एमए२ असेल तर जुन्या कॅमची काळजी करायचं कारण नाही.

तुमच्या गाडीला माझं मत : एमए किंवा एमए२, खनिज किंवा सेमी सिंथेटिक, १०-३०. सील होईपर्यंत २०-४० टाकलं तरी बिघडत नाही.

मिस्त्रीकाका

थेंबभर, तुम्ही शिकलेले आहात, मी मान देतो. पण बोअर केल्यावर आपल्याकडच्या कामात गॅप कंपनीइतका बारीक राहत नाही. बोअरवाला जरा मोकळंच ठेवतो, पिस्टन धरू (जाम होऊ) नये म्हणून. तिथं ३० तापल्यावर पाण्यासारखं होतं. मी दोन्ही टाकून बघितलंय. २०-४० ला ऑइल कमी खातं, हा अनुभव आहे.

थेंबभर

काका, हे मी नाकारत नाही. बोअर मोकळा राहिला असेल तर ४० ला अर्थ आहे. माझं म्हणणं एवढंच की तो मोकळा राहिलाय का, हे आवाजावरून ठरवू नये. कॉम्प्रेशन तपासावं, नाहीतर १,००० किमीला किती ऑइल लागलं ते मापावं.

मिस्त्रीकाका

मापावं, हे बरोबर. माप घेऊन येणारं गिऱ्हाईक मात्र हजारात एक.

वरोऱ्याचा

भाऊ, आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात ४५-४६ अंश असतात. इथं सगळे २०-४० नाहीतर २०-५० टाकतात. एवढ्या उन्हात १०-३० टिकते का?

थेंबभर

चांगला प्रश्न. बाहेर ३० होते तिथं ४५ झाले की हवेनं थंड होणाऱ्या इंजिनातलं ऑइलही त्या मानानं चढतं. चालत्या गाडीला वारा मिळतो. खरा ताण सिग्नलवर, ट्रॅफिकमध्ये, तिघं बसवून हळू चालवताना आणि ओझं घेऊन चढ चढताना येतो. तुमच्याकडं उन्हाळ्यात २०-४० मी स्वतः टाकेन. पण त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे इंजिनाच्या फिन्समधला (सिलिंडरवरच्या पात्यांमधला) चिखल आणि ऑइलचा थर खरवडून काढा. फिन्स भरलेल्या असतील तर कुठलीच ग्रेड पुरत नाही.

वरोऱ्याचा

फिन्सचं कधी ध्यानातच आलं नाही. कोळशाची धूळ अन् ऑइल मिळून इथं डांबर होते. रविवारी काढतो.

उसाचा फड

राव, मी गेली आठ वर्षं गाडीत ट्रॅक्टरचंच १५-४० टाकतो. २० लिटरचा डबा आणला की ट्रॅक्टर आणि दोन गाड्या भागतात. काही झालं नाही. मग एवढं एमए-बिमए कशाला?

थेंबभर

दादा, डिझेल इंजिनाच्या १५-४० मध्ये सहसा घर्षण कमी करणारी द्रव्यं नसतात, म्हणून तुमचा क्लच सरकला नाही. त्यात कचरा धुणारी द्रव्यंही भरपूर असतात. ते अगदी वाईट ऑइल नाही. पण ते गिअर आणि भिजक्या क्लचवर तपासलेलं नसतं. दुसरं, त्यात राख करणारा भाग जास्त असतो. जासोनं राखेची मर्यादा १.२ टक्के ठेवलीय. ऑइल खाणाऱ्या गाडीत ही राख प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते. प्लगवर पांढरट-तपकिरी खर दिसते का बघा.

एक गोष्ट मात्र पक्की सांभाळा. ट्रॅक्टरचं गिअर-हायड्रॉलिकचं ऑइल वेगळं असतं, ते इंजिनात कधीही टाकू नका. दोन्ही डबे शेजारी ठेवलेले असतात.

उसाचा फड

प्लग काढून बघितला. खर आहे, तुम्ही म्हणता तसलीच. पुढच्या बदलीला गाड्यांसाठी वेगळं आणतो.

धडधड ३५०

स्प्लेंडरचा धागा आहे, पण जुन्या गाड्या म्हटल्यावर कास्ट आयर्न बुलेटवाल्यांसाठी लिहून ठेवतो. माझी १९९१ ची, कोल्हापुरात.

हिच्यात ऑइल तीन जागी असतं. इंजिनाचं वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, क्लचच्या खोक्यातलं वेगळं. एकच डबा सगळीकडं, हा हिशोब इथं चालत नाही. इंजिनाला २०-५० हीच कंपनीची सांगी होती आणि ती मी मोडत नाही. मोठा सिलिंडर, सैल बेअरिंगं, सावकाश फिरणारं इंजिन. २००८-०९ नंतरची युनिट कन्स्ट्रक्शनची (इंजिन-गिअरबॉक्स एकाच खोक्यात) गाडी निराळी, तिला १५-५० आणि एकाच ऑइलवर सगळं. दोन बुलेटवाल्यांचं भांडण लागतं ते बहुतेक ह्याच कारणानं. दोघंही आपापल्या इंजिनाबद्दल बरोबर बोलत असतात.

आता लेव्हलचं. जुनी बुलेट आठवडाभर उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातून हळूहळू क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या खोक्यात) उतरतं. सकाळी डिपस्टिक काढली तर कोरडी दिसते. घाबरून माणूस वरून अर्धा लिटर ओततो. मग गाडी सुरू झाली, पंपानं खालचं ऑइल परत वर आणलं, की टाकी उतू जाते आणि ब्रीदरच्या नळीतून चेनवर, टायरवर ऑइल उडतं. मागच्या टायरवर ऑइल म्हणजे वळणावर थेट जमिनीवर. म्हणून आधी गाडी पाच-दहा मिनिटं चालवा, बंद करा, मगच डिपस्टिक बघा. आणि बदलीला खालचे सगळे ड्रेन बोल्ट सोडा. एकच सोडलात तर निम्मं जुनं आतच राहतं.

सागरवाट

मी रत्नागिरीची. २००४ ची पल्सर १५० आहे, अजून रोज चालवते. हिला कंपनीची २०-५० आणि माझं आजवर चांगलं चाललंय. म्हणजे प्रत्येक इंजिनाचं आपलं आपलं आहे, हे वाचून बरं वाटलं.

माझा प्रश्न पावसाळ्याचा. जुलैत ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट मलईसारखं काहीतरी जमतं. मेकॅनिक म्हणाला पाणी शिरलंय, इंजिन उघडावं लागेल. खरंच उघडावं लागेल?

मिस्त्रीकाका

ताई, घाई करू नका. इंजिनाच्या बाजूला खाली लेव्हलची काच असते, तिच्यातून ऑइल बघा. काचेत ऑइल नेहमीच्या रंगाचं आहे आणि मलई फक्त झाकणाखाली आहे, तर तो दमटपणा आहे. कोकणात पावसाळ्यात दोन-तीन किमीच्या फेऱ्या मारल्या तर इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ बाहेर पडत नाही, ती झाकणाला जमते. आठवड्यातून एकदा २०-२५ किमी सलग न्या, जाईल.

पण काचेतलं सगळं ऑइलच दुधाच्या चहासारखं झालं असेल तर पाणी गेलंय. पुरातून गाडी काढली असेल तर असं होतं. तेव्हा किक मारायची नाही, बटणही दाबायचं नाही. आधी सगळं काढा, साधं ऑइल भरून थोडं चालवा, परत काढा, दुधाळ दिसेनासं होईपर्यंत.

सागरवाट

काच स्वच्छ आहे. शाळा घरापासून अडीच किमीवर, तेच कारण असणार. काका, मनापासून आभार. मोठा खर्च वाचला.

आरएक्सप्रेमी

आमच्या आरएक्स १०० ला काय?

घाटउतार

टू-स्ट्रोकची गोष्ट वेगळी. इंजिनात जळणारं टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल बाजूच्या टाकीतून पंपानं जातं, तिथं जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं बघा, धूर आणि कार्बन कमी. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं आणि क्लच त्यातच भिजतो, म्हणून तिथं एमए. फोर-स्ट्रोकचं ऑइल चुकूनही टूटीच्या टाकीत नको. पंपाची केबल आणि खूण जुळते का तेही बघून घ्या. जुन्या गाड्यांत केबल सैल पडते, पंप कमी देतो आणि पिस्टन धरतो.

कृष्णाकाठ

(दोन आठवड्यांनी)

वाटीचा फिल्टर उघडला. गावाकडच्या ओळखीच्या मिस्त्रींनी सुट्टीत समोर बसवून काम शिकवलं. वाटीच्या कडेला काळ्या गोंदासारखा थर होता, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढावा लागला, नखाएवढ्या जाडीचा. जाळीत जुन्या गॅस्केटचे तुकडे. कव्हरचं गॅस्केट नवं टाकलं. ते म्हणाले आतून डिझेल मारून धुऊ या, पण तसं करू नये असं इथल्या दुसऱ्या धाग्यात वाचलं होतं म्हणून नको म्हणालो.

थेंबभर

बरं केलंत. डिझेल नाहीतर रॉकेल टाकून इंजिन फिरवलं की थोडं आत राहतंच आणि नवं ऑइल पातळ करतं. शिवाय एकदम सुटलेली घाण बारीक वाटांत जाऊन अडकू शकते. त्यापेक्षा पहिली बदली लवकर, हजार-बाराशे किमीला करा. घाण सावकाश आणि ऑइलबरोबर बाहेर येते.

सिंथेटिकचं तुम्ही विचारलं होतं, तेही ह्यात आलं. सिंथेटिकनं सील खराब होत नाहीत. ते चांगलं ऑइल आहे. पण ज्या गाडीत धुऊन काढायला दोन वेळा लवकर ऑइल बदलायचंय आणि जी थोडं जाळतेही, तिच्यात महाग ऑइल ओतणं म्हणजे पैसा वाया.

कृष्णाकाठ

१०-३० खनिज, एसएल, एमए घेतलं आणि ९०० मिली मोजून भरलं. काका रागावू नका, मला एकदा कंपनीच्या ग्रेडनं मापून बघायचंय.

मिस्त्रीकाका

रागावायचं काय त्यात. मापलेलं मलाही कळेल.

घाटउतार

ऑइल घेताना बिल घेतलंत ना? मागं एकदा मी रस्त्याकडेच्या दुकानातून नावाजलेल्या कंपनीचा डबा घेतला होता, आत जुनंच गाळून भरलेलं. ६०० किमीत क्लच सरकायला लागला. डबा खरा होता, माल खोटा. गॅरेजमधले रिकामे डबे गोळा करून असे भरतात. म्हणून सील बघा आणि ऑइल आपल्यासमोर ओतून घ्या. रिकामा डबा तिथंच खिळ्यानं भोक पाडून टाका. एवढं केलं तर एक खोटा डबा बाजारात कमी येतो.

उसाचा फड

काढलेलं काळं ऑइल मी कुंपणाच्या खांबांना आणि गाडीच्या चेनला लावतो. वाळवी लागत नाही. ठीक आहे ना?

थेंबभर

चेनला नको, दादा. त्यात झिजलेल्या धातूची बारीक पूड असते, तिच्यावर धूळ बसली की चेनस्प्रॉकेट घासलं जातं. चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल ब्रशनं लावा. खांबांचं म्हणाल तर विहीर, गोठा, पाट जवळ असेल तर अजिबात नको. पावसात ते मातीत उतरतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात साठवून सर्व्हिस सेंटरला द्या, त्यांच्याकडून ते अधिकृत शुद्धीकरणवाल्याकडे जातं.

उसाचा फड

विहीर वीस फुटांवर आहे. बंद करतो.

कृष्णाकाठ

(साडेतीन महिन्यांनी)

मापं देतो.

१०-३० वर पहिले १,००० किमी : दर रविवारी लेव्हल बघून वरून भरलेलं ऑइल एकूण १९० मिली. गिअर सुधारले, न्यूट्रल पहिल्या झटक्यात येतं. सकाळचा धूर तसाच. टकटक कमी झाली, गेली नाही.

मग ठरवून तेच ऑइल काढलं, बरंच काळं आणि दाट आलं, आणि ह्या वेळी २०-४० एमए भरलं. पुढच्या १,००० किमीला १५० मिली. म्हणजे काका, तुमचं बरोबर निघालं, ४० ला कमी खाल्लं. पण फरक ४० मिलीचाच. धूर कायम.

दोन आठवड्यांपूर्वी हेड उतरवलं. दोन्ही सील बदलले. जुने सील बोटांत दाबले तर बांगडीसारखे तडकले. गाइड ठीक होते. व्हॉल्व्ह घासून बसवले, बोअरला रेघा नाहीत. आता परत १०-३० भरलंय. पंधरा दिवस झाले, सकाळी धूर नाही. बाबांना व्हिडिओ पाठवला तर त्यांनी आवाज पुन्हा पुन्हा लावून ऐकला.

मिस्त्रीकाका

छान काम केलंत. १५० मिलीतलं बहुतेक सीलमधून जात होतं म्हणायचं. १०-३० वरच राहा. बोअर चांगला आहे, मी मोकळा समजत होतो. एप्रिलात ऊन वाढलं आणि गिअर परत कडक वाटले तर तेवढे दोन महिने २०-४० टाका.

थेंबभर

काका, तुम्ही पहिल्याच उत्तरात सील म्हणाला होतात.

कृष्णाकाठ, गिअर कडक वाटायला लागणं ही बदलीची चांगली खूण आहे, लक्षात ठेवा. ऑइलला दुसरा आकडा देणारी लांब साखळीची द्रव्यं गिअरच्या दातांत सापडून तुटतात आणि ४० चं ऑइल हळूहळू ३० कडे सरकतं. नुसतं काळं झालं म्हणून घाबरू नका. काळं होणं म्हणजे ते कचरा धरतंय.

सागरवाट

किती किमीला बदलणार मग?

कृष्णाकाठ

आता पहिलं १,२०० ला, धुण्यासाठी. त्यानंतर २,५०० धरलंय. रविवारची डिपस्टिक मात्र चुकवायची नाही. टाकीखाली कागद चिकटवलाय, तारीख आणि मिली लिहितो.

काका, एक शंका. पहिली दोन-तीन सेकंदं अजून बारीक टकटक आहे.

मिस्त्रीकाका

हेड उतरवल्यावर गॅस्केट बसतं, टॅपेटचा, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधला, गॅप थोडा बदलतो. ५०० किमी झाले का? झाले की सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, फीलर गेजनं तपासा. गरम इंजिनावर नको. तरी वाजलं तर टायमिंग चेनचा टेन्शनर बघू.

कृष्णाकाठ

४१० झालेत. पुढच्या रविवारी सकाळी बघून इथं लिहितो.